भाची इंदूरला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे. व्हेटर्नरी कौन्सिलच्या निवडणुकीत तिला मत असतं का?

असतं, फक्त तिचं नाव पशुवैद्यकांच्या रजिस्टरवर हवं. नुसती महूच्या कॉलेजची डिग्री असून भागत नाही.

1984च्या कायद्यानुसार भारतीय पशुवैद्यक परिषदेत 27 जण असतात. त्यातले 11च निवडून येतात. उरलेल्यांत बहुतेक नेमलेले: राज्यांचे पशुसंवर्धन संचालक, कॉलेजांचे प्रमुख वगैरे. काही पदसिद्ध. म्हणजे डॉक्टरांचे प्रतिनिधी निम्म्याहूनही कमी. मला हे खटकतंच, पण असो. अध्यक्ष सदस्यच आपसांत निवडतात, तिथे आपलं मत नाही.

मतदार तोच, ज्याचं नाव देशाच्या रजिस्टरवर आहे. उमेदवारही त्यांतलाच. ते रजिस्टर राज्यांच्या नोंदींवरून बनतं, म्हणून भाचीची नोंद मध्य प्रदेशच्या परिषदेत आहे ना, ते आधी बघा. राज्याच्या परिषदेतही 4 जागा निवडणुकीच्या असतात.

एक अनुभव सांगतो. रामबागेतलं घर सोडून आम्ही सुदामानगरला आलो, पण माझ्या नोंदीवर पत्ता जुनाच राहिला. निवडणुकीचं टपाल गेलं तिकडे. नवे भाडेकरू भले, त्यांनी पाकीट आणून दिलं, तोवर मतदानाची तारीख उलटून चार दिवस झाले होते! भाचीला म्हणावं, पत्ता आणि मोबाइल नंबर आजच तपासून घे.