पूर्वी मुलांच्या खेळण्यात खरंच युरेनियम असायचं का?

हो, असायचं! अमेरिकेत १९५०-५१ च्या सुमारास गिल्बर्ट कंपनीने 'यू-२३८ ॲटॉमिक एनर्जी लॅब' हा संच विकला. आत युरेनियमच्या खनिजाचे चार नमुने, गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) आणि छोटंसं क्लाउड चेंबर, म्हणजे वाफ भरलेली पेटी.

मला तर ते चेंबरच भारी वाटतं. चार्ल्स विल्सन हा शास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगरावरचे ढग पाहून भारावला आणि प्रयोगशाळेतच ढग करायला बसला. त्यातून १९११ साली चक्क अदृश्य कणांच्या वाटा दिसल्या. विद्युतभारित कण वाफेतून जाताना मागे थेंबांची रेघ सोडतो. या कामाला १९२७ चं नोबेल मिळालं, आणि पुढे तेच यंत्र पोरांच्या हाती!

संच मात्र फारसा खपला नाही. साडेएकोणपन्नास डॉलर तेव्हा थोडे नव्हते. (गिल्बर्टसाहेब स्वतः १९०८ च्या ऑलिंपिकमधले पोल व्हॉल्टचे सुवर्णविजेते!)