पुण्यातील आमच्या गटाला अभिवाचनासाठी सैनिकी जीवनावरचे पुरस्कारप्राप्त नाटक हवे आहे, कोणते निवडावे?

चार्ल्स फुलर यांचे ‘अ सोल्जर्स प्ले’ निवडावे. त्याला १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २०२० मधील त्याच्या नव्या प्रयोगाला टोनी पुरस्कार. फुलर स्वतः अमेरिकी लष्करात होते, आणि १९४४ मधील लुइझियानाच्या छावणीत सार्जंट वॉटर्स या कृष्णवर्णीय सैनिकाच्या खुनाचा तपास सुरू होतो तेव्हा बराकीतले हुद्दे, शिस्त आणि साचलेला राग जबान्यांमधूनच उलगडत जातो; म्हणून संहिता वाचताना ती नेपथ्याविना, केवळ आवाजांवरही उभी राहील असे मला प्रकर्षाने जाणवले. मात्र त्यातील वर्णभेदाच्या जागी आपल्याकडची जातव्यवस्था सरसकट बसवू नये, कारण वॉटर्सच्या मनातला स्वकीयांविषयीचा तिरस्कार, जो माझ्या मते या नाटकाचा गाभा आहे, अमेरिकेच्याच इतिहासातून आलेला आहे.