‘पलीकडे हे मला ओळखतील का?’

पत्र: ‘हे जाऊन आठ महिने झाले. चर्चमधले लोक म्हणतात, ते प्रभूजवळ आहेत, रडता कशाला, विश्वास कमी पडतोय तुमचा. ह्यांचा चष्मा अजून पलंगाजवळच आहे, काड्या उघड्या. माझ्याच्याने त्या मिटवत नाहीत. त्यात एक वचन मनातून जात नाही: पुनरुत्थानानंतर कुणी लग्न करत नाही. मग आमचा एकतीस वर्षांचा संसार पुसलाच जाणार का? पलीकडे हे मला ओळखतील का?’

प्रिय ताई,

आधी रडण्याचं बोलू. येशू बेथानी गावी पोहोचला तेव्हा त्याच्या मित्राला, लाजराला, कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आता आपण त्याला हाक मारून बाहेर बोलावणार, हे येशूला ठाऊक होतं. तरीही लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना पाहून त्याचं मन कळवळलं. योहानाच्या ११व्या अध्यायातलं ३५वं वचन दोनच शब्दांचं आहे: ‘येशू रडला.’ पुनरुत्थानाची इतकी खात्री असलेला तोच रडला, तर तुमच्या डोळ्यांतल्या पाण्यात अविश्वास कुठून आला? प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शोक करायला मनाई केली नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढंच लिहिलं. त्या वाक्याचा अर्धाच तुकडा तोडून दुःखातल्या बाईला ऐकवणं मला मुळीच पटत नाही, मग ऐकवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आता ते वचन. मत्तयाचा २२वा अध्याय सबंध वाचा, एकटं वाक्य वाचू नका. प्रश्न विचारणारे सदूकी नावाच्या यहूदी पंथाचे होते, आणि पुनरुत्थानावर त्यांचा मुळात विश्वासच नव्हता. एकामागून एक सात भावांची बायको झालेल्या बाईची गोष्ट त्यांनी रचली, ती येशूला पेचात पकडायला. शेवटी ती कुणाची, हा त्यांचा प्रश्न. बाईला काय वाटलं असेल, हे त्यांच्या गावीही नाही. येशूने तो हिशेबच मोडून काढला. तिथे लग्न करणं-करून देणं नाही, असं तो म्हणाला. प्रेम उरणार नाही किंवा ओळख पुसली जाईल, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

आणि लगेच पुढे काय म्हणतो पाहा. मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव आहे, हे देवाचं बोलणं तो त्यांना आठवून देतो. तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे, असं सांगतो. बाप, मुलगा, नातू. तिघांना मरून शतकं लोटली होती, तरी देवाच्या तोंडी त्यांची नावं वेगवेगळी आहेत. ज्या उताऱ्याने तुमची झोप उडवली, त्यातच हे आहे.

येशू मरणातून उठला तेव्हा त्याच्या रिकाम्या कबरेपाशी त्याची अनुयायी मग्दालीया मरीया त्यालाच माळी समजली. त्याने तिला प्रवचन दिलं नाही. नुसती ‘मरीये’ अशी हाक मारली आणि तिने ओळखलं. शिष्य थोमाला त्याने हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवले. उठलेल्या शरीरावरही जगून झालेल्या आयुष्याच्या खुणा राहिल्या होत्या. आपली आशा ती हीच, नुसता आत्मा कुठेतरी उडून जाण्याची नाही. पौल दाण्याचा दाखला देतो: पेरतो ते वेगळं दिसतं, उगवतं ते वेगळं, पण दाणा तोच. तुमची भेट नेमकी कशी होईल, याचं चित्र शास्त्र रेखाटून देत नाही, म्हणून मीही देणार नाही. पण तुमच्या संसाराची एकतीस वर्षं देव पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसून टाकील, असं मला शास्त्रात कुठेही सापडत नाही.

झोप अजिबात लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वासाला कमीपणा येत नाही. आणि पुन्हा कुणी ‘रडू नका’ म्हणालं, तर त्यांना शेजारी बसवून घ्या आणि योहानाचा तो अध्याय मोठ्याने वाचायला सांगा.

चष्मा राहू दे तिथेच. काड्या कधी मिटायच्या, हे ठरवायचा हक्क दुसऱ्या कुणाचा नाही.

एक विनंती. तुमच्या पत्रात ‘हे’ आणि ‘ह्यांचा’ इतकंच आहे, नाव एकदाही नाही. पुढच्या पत्रात त्यांचं नाव लिहाल का?