घोडी विकण्याआधी

सप्रेम नमस्कार,

दिग्रस तालुक्यातून आलेले आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. बारावीला ६८ टक्के मिळवलेला आपला मुलगा दोन वेळा नीटमध्ये मागे राहिला, एका बँडवाल्याने सोडून दिलेली वरातीची घोडी त्याने गोठ्यात आणून बांधली, आणि आता "घोडेच वाचवायचे असतील तर घोड्यांचा डॉक्टर हो" असे म्हणून आपण एक एकर मक्त्याने देऊन त्याला तिसऱ्यांदा नागपूरच्या क्लासला पाठवणार आहात. त्याच्या गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती शेवटच्या पानावरील एका वाक्याची : "तो नागपूरला गेला की घोडी विकून टाकतो, म्हणजे अभ्यासात मन लागेल."

हे कृपा करून करू नका. त्याच्या माघारी घोडी विकलीत, तर त्याचे मन अभ्यासात लागणार नाही, घरावरून मात्र उठेल. आणि विकून टाकायची तर ती घेणार कोण, हेही आपण पाहिलेले दिसत नाही. डीजेला बुजून नवरदेवाला पाडलेल्या घोडीला बरे गिऱ्हाईक मिळत नसते. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात, म्हणजे कमाई बंद आणि दाणागोटा मात्र रोजचा, त्यामुळे असे जनावर पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर येते. ज्याला आपण विकाल, त्याचाही हिशेब याहून वेगळा असणार नाही.

मुलगा वाया गेल्याचा पुरावा म्हणून आपण लिहिले आहे की, "दिवसभर तेलाचा रिकामा डबा वाजवत पोट्टं घोडीभोवती फिरते, पहिले धुऱ्यावरून वाजवत होते, आता चाळीस पावलांवर आले आहे." हे वाचून मी पत्र बाजूला ठेवले आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. बुजऱ्या घोड्याला पुन्हा माणसांत आणणारे लोक नेमके हेच करतात. आवाज इतक्या लांबून सुरू करायचा की घोडीचे कान फिरतील पण पाय उचलणार नाहीत, मग तिने मान खाली सोडून निवांत चघळायला सुरुवात केली की वाजवणे थांबवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोनच पावले पुढे यायचे. हे आपल्या मुलाला कोणी शिकवले, ते पत्रात नाही. बहुधा घोडीनेच शिकवले असावे.

आता आपल्या मूळ समजुतीविषयी. घोडे वाचवायला आधी पशुवैद्यक व्हावे लागते, हे खरे नाही. पशुवैद्यक जखम भरतो, पोटशूळ ओळखतो, धनुर्वाताची लस देतो, आणि त्याच्यावाचून कोणाचेही चालणार नाही. परंतु बिथरलेल्या घोड्याला वळण लावणे हे चाबुकस्वाराचे काम आहे, खरारा म्हणजे अंग घासणे, चंदी म्हणजे दाणा आणि पागेची व्यवस्था मोतद्दाराची, तर खुरांची निगा नालबंदाची. ही तिन्ही कामे हाताने शिकण्याची आहेत. घोड्याचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, आणि आपल्या भागात बैलांना पत्री मारणारे पुष्कळ असले तरी घोड्याच्या खुराला हात घालणारा माणूस शोधावा लागतो. घोड्यांचे दिवस गेले, हे आपले म्हणणे आकड्यांनी खरे आहे : पशुगणनेनुसार देशातील घोडे-तट्टे २०१२ मध्ये सुमारे ६.२ लाख होती, ती २०१९ मध्ये ३.४ लाख उरली. म्हणून घोडे वाचवण्यावर त्याचे घर चालेल, असे मी सांगणार नाही. घर नालबंदीवर, शिकवण्यावर किंवा पागेतील पगारावर चालेल, आणि वाचवणे त्याच्या जोडीने होईल.

पशुवैद्यक पदवीचा मार्ग नीटमधूनच जातो आणि आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. त्याला स्वतःला ती हवी असेल, तर परीक्षा पुढेही देता येईल. यंदा मात्र क्लासऐवजी त्याला वर्षभर पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या रायडिंग स्कूलच्या पागेत पगारावर राहू द्यावे. शर्यतीतून लवकर निवृत्त झालेले घोडे तिथे येतात, आणि पंचवीस वर्षे जगणाऱ्या जनावराचे उरलेले आयुष्य कसे मार्गी लावतात, ते त्याला तिथेच दिसेल.

मुलालाही माझे दोन शब्द वाचून दाखवावेत. शेजारच्या गावचे लंगडे तट्टू आणण्याचा त्याचा बेत मला मुळीच पसंत नाही. वाचवणे म्हणजे ठेवून घेणे नव्हे. पहिली घोडी चांगल्या घरी गेल्याशिवाय दुसरे जनावर दारात येऊ नये, आणि यायचेच झाले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करून यावे, कारण तो रोग माणसालाही होतो. घोडीने चारही पाय उचलू दिले, ती टेम्पोत चढली आणि परक्या माणसाने धरल्यावरही शांत राहिली, म्हणजे ती देण्याजोगी झाली. देताना वरातीला न लावण्याची आणि सांभाळणे न जमल्यास परत करण्याची अट लेखी घ्यावी. त्याआधी बँडवाल्याकडूनही मालकी सोडल्याचे लिहून घ्यावे, नाहीतर घोडी सुधारल्याचे कळताच तो न्यायला येईल.

तो नोकरीवर जाईपर्यंत घोडी त्याच्याच हाताखाली असावी, आणि गेल्यावर तिच्यासाठी घर मिळेपर्यंत आपण तिला सांभाळावे. पावसात भिजून बुरसलेले कुटार तिला घालू नये. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे वाईट चारा पोटात गेला की जिवावर बेततो.

महिनाभराने डबा किती पावलांवर आला, तेवढे अवश्य कळवावे.