व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी रॅम बघा
ग्राफिक्स कार्डाच्या आकड्यांत इतक्यात अडकू नका. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, किमान १६ जीबी हवी, आणि ती पुढे वाढवता येते का, हे विचाराच. बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते. आताच्या मॅकबुकमध्ये तर नंतर वाढवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे घेतानाच जास्त घ्या.

जुना लॅपटॉप लगेच विकू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान स्टोरेज, टाकून बघा, फरक लगेच जाणवेल. रॅम वाढवायची असेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना मॉडेल नंबर लिहून न्या. डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या खाचेत नवी डीडीआर५ बसत नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ४के (फोर-के) फुटेज थेट टाइमलाइनवर टाकायचं आणि अडखळलं की मशीनला शिव्या! आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवा. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही ती सोय आहे. आणि हो, फुटेजची एकुलती एक प्रत घेऊन लोकलच्या गर्दीत शिरू नका.