ठाण्यात बाल्कनीतल्या कुंडीत सालासकट खायचा गोड मटार (स्नॅप पी) येईल का? शेंगा का धरत नाहीत?

येतो, पण वेळ चुकवू नका. हा थंडीचा वेल आहे. ठाणे-नवी मुंबईत नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बी टाका. पारा तिशीपलीकडे राहू लागला की फुलं गळतात. शेंगा न धरण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. जानेवारीत पेरलेला वेल फुलावर येईपर्यंत मार्चचा उकाडा सुरू झालेला असतो.

कुंडी किमान 12 इंच खोल हवी. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). बी सहा-आठ तास भिजवून थेट कुंडीतच लावा, इंचभर खोल, दोन बियांत दोन इंच अंतर ठेवून. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर मुळं दुखावतात. उगवेपर्यंत पाणी बेताचं, नाहीतर बी कुजतं. कबुतरांपासून जाळीने झाका. कोवळे कोंब ती हमखास खुडतात.

आधाराला सुतळी किंवा बारीक जाळी बांधा. जाड बांबूला वेलाचे नाजूक तंतू नीट धरत नाहीत. युरिया नकोच: नुसता पाला माजतो, फुलं उशिरा येतात. पूर्वेचं किंवा दक्षिणेचं पाच-सहा तासांचं ऊन पुरतं. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर तो भुरी हा बुरशीचा रोग. अशी पानं काढा, हवा खेळती ठेवा, पाणी मुळाशीच घाला.

साधारण 60 ते 70 दिवसांत शेंगा भरतात. दाणे फुगले पण साल अजून चकचकीत, कुरकुरीत आहे तेव्हाच, दिवसाआड तोडा. शेंगा वेलावर जून होऊ दिल्या तर नवी फुलं थांबतात.