पायथनमध्ये जेसन, ऑरजेसन, मेसेजपॅक आणि प्रोटोबफ यांची गती व मेमरी नेमकी कशी मोजावी?

तुम्ही लिहिलंय की टाइमइटमध्ये (पायथनचं वेळ मोजणारं मॉड्यूल) प्रोटोबफ सगळ्यांच्या बराच पुढे निघाला, ट्रेसमॅलॉकमध्ये (मेमरी मोजणारं मॉड्यूल) त्याची मेमरीही नगण्य दिसली, पण सर्व्हरवर प्रोटोबफ लावल्यावर फरक जाणवला नाही. तुमचे आकडे खोटे नाहीत. डेटा साठवायच्या किंवा पाठवायच्या रूपात लिहिणाऱ्या आणि परत वाचणाऱ्या या चारही लायब्ररींनी केलेलं काम मात्र सारखं नाही.

प्रोटोबफचंच घ्या. 4.21 आवृत्तीपासून पायथनमधला प्रोटोबफ यूपीबी नावाच्या, सी भाषेत लिहिलेल्या इंजिनावर चालतो. बाइट वाचणाऱ्या ‘पार्स फ्रॉम स्ट्रिंग’ला हाक मारली की डेटा सीच्या मेमरीत उलगडतो, पायथनचे ऑब्जेक्ट तयार होतात ते तुम्ही फील्ड वाचता तेव्हा. जेसन मात्र सगळे डिक्ट (की आणि मूल्यांच्या जोड्या) आणि स्ट्रिंग तिथल्या तिथे बनवून हातात देतो. म्हणून घड्याळ बाइट हातात आल्यापासून लावा आणि तुमचा कोड जी फील्ड खरोखर वापरतो ती सगळी वाचून झाल्यावरच थांबवा. फ्लॅटबफर्स हा आणखी एक बायनरी प्रकार तपासायचा झाला तर हे आणखी महत्त्वाचं: तिथे पार्सिंग जवळपास नसतंच, पण पायथनमध्ये प्रत्येक फील्ड वाचणं शुद्ध पायथन कोडमधून होतं आणि ते महाग पडतं.

लिहिण्याच्या बाजूला उलटी चूक होते. पायथनसोबत येणारं मूळ जेसन मॉड्यूल स्ट्रिंग देतं, बाकीचे बाइट देतात; तेव्हा त्याच्या वेळेत यूटीएफ-8 एन्कोडिंगही धरा. त्याचे सेपरेटरही (घटकांमधली चिन्हं) बदला, कारण तो स्वल्पविराम आणि कोलननंतर (:) मोकळी जागा सोडतो आणि ऑरजेसन सोडत नाही.

डेटात मराठी मजकूर असेल तर ‘एन्शुअर आस्की’ (इंग्रजीबाहेरची अक्षरं सांकेतिक रूपात लिहिणारं मूळ जेसनचं सेटिंग) बंद केल्याशिवाय तुलना करूच नका. ‘मराठी’ या शब्दात पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं) आहेत. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकाचे सहा बाइट, म्हणजे 30, वर अवतरणचिन्हं धरून 32. बंद केल्यावर 15 अधिक 2, म्हणजे 17. मेसेजपॅकमध्ये एका बाइटचं शीर्षक आणि 15, असे 16. म्हणजे ‘बायनरीमुळे निम्मी जागा वाचली’ असं जे वाटतं, ते बहुतेक सगळं या एका सेटिंगमुळे वाचलेलं असतं!

आता टाइमइट. तो मोजताना गार्बेज कलेक्टर (नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारी पायथनची यंत्रणा) बंद ठेवतो. हजारो डिक्ट बनवणाऱ्या डिकोडरवर कलेक्टरचा जो भार सर्व्हरवर पडतो, तो त्यामुळे मोजमापात येतच नाही. सेटअपमध्ये ‘जीसी इनेबल’ लिहा.

मेमरीसाठी ट्रेसमॅलॉक पुरेसा नाही. त्याला फक्त पायथनच्या अ‍ॅलोकेटरमधून (मेमरी वाटून देणारा भाग) गेलेली मेमरी दिसते, सी कोडने सीच्या मॅलॉक फंक्शनकडून थेट घेतलेली दिसत नाही. यूपीबीची मेमरी नगण्य दिसली ती याचमुळे. प्रोसेसची कमाल आरएसएस, म्हणजे तिने प्रत्यक्ष व्यापलेली रॅम, बघा: ‘गेट-आर-युसेज’ हे फंक्शन हा आकडा लिनक्सवर किलोबाइटमध्ये आणि मॅकवर बाइटमध्ये देतं, आणि तो कधी खाली येत नाही. एकाच स्क्रिप्टमध्ये चार लायब्ररी पाठोपाठ चालवल्या तर नंतरच्यांना आधीच्यांचा शिखर-आकडा चिकटतो. प्रत्येकीसाठी नवी प्रोसेस सुरू करा, आणि फक्त इम्पोर्ट करून थांबणारी एक वेगळी प्रोसेस चालवून तो आकडा वजा करा.

जेसनच्या ‘लोड’ला फाइल दिली तरी तो आधी अख्खी फाइल वाचून घेतो, त्यामुळे शिखरावर मजकूर आणि ऑब्जेक्ट दोन्ही एकत्र मेमरीत असतात. प्रत्येक ओळीत एक स्वतंत्र जेसन ठेवून ओळीगणिक वाचल्यास हे टळतं. पण सगळ्या ओळी लिस्टमध्ये साठवणार असाल तर सावध राहा: मूळ मॉड्यूल कीची स्ट्रिंग एका हाकेपुरतीच पुन्हा वापरतं, म्हणून प्रत्येक ओळीसाठी त्याच कींच्या नव्या प्रती बनतात. ऑरजेसन लहान की कॅश करून ठेवतो.

वेळ मोजण्याआधी डेटा लिहून परत वाचा आणि मूळ डेटाशी जुळतो का ते पाहा. नॅन (‘संख्या नाही’ असं मूल्य) असेल तर मूळ जेसन तो तसाच लिहितो, ऑरजेसन त्याचा नल (रिकामं मूल्य) करतो. प्रोटोबफमध्ये ऋण संख्या ‘इंट-32’ मध्ये ठेवली तर दहा बाइट खाते. तिथे ‘एसइंट-32’ वापरा.

डिक्ट घेऊन डिक्टच द्यायचे असतील तर मी आधी ऑरजेसन लावेन. बदल एक-दोन ओळींचा आहे. रचना ठरलेली असेल आणि मेमरी कमी पडत असेल, तर एमएसजीस्पेक या लायब्ररीचे स्ट्रक्ट (फील्ड आधीच ठरवलेले क्लास) वापरून बघा. स्ट्रक्टमध्ये नसलेली फील्ड तो बनवतच नाही. प्रोटोबफ घ्यायचा तो वेगवेगळ्या भाषांतल्या सेवांमध्ये पक्का करार हवा म्हणून. पिकल हे पायथनचं स्वतःचं मॉड्यूल बाहेरून आलेल्या डेटावर कधीच नको, कारण तो डेटा उघडताना समोरच्याने घुसवलेला कोड चालू शकतो.